उलटं पळणारा

शेंडा पार्काच्या माळावर सकाळी साडेपाचला
मी पाठमोरा पळतो.
म्हशी घेऊन निघालेला गवळी थांबतो,
"भुताचं पाय उलटं असत्यात म्हणं,"
आणि म्हशींना जरा लांबून वळवतो.

पेठेच्या संघात नऊ वर्षं बॅकला खेळलो.
तिथे चेंडू गोल, तोंड चेंडूकडे,
आणि चुकलो तर शिव्या घालायला अख्खा स्टँड.
हा चेंडू दोन्हीकडून निमुळता,
टप्पा पडला तर कुठे उडेल त्याचं त्यालाच ठाऊक.
शिवाय माझं काम चेंडूशी नाहीच,
एका माणसाशी आहे.
तो पुढे पळणार, मी मागे.
कुठे वळायचं ते त्याला माहीत,
मला एवढंच, की वळणार.

पिराजी सर सांगतात, डोळ्यात बघू नको.
डोळं फसवत्यात, खांदं फसवत्यात,
बूट पण एखादं पाऊल थाप मारतो.
कंबर बघ.
कंबर सोडून माणूस कुठं जातोय?
चुलत्याच्या वस्तादांनीही हेच सांगितलं होतं
हौद्यातल्या मातीत, हळद-ताकाच्या वासात.
चुलता तरीही डोळ्यातच बघायचा.
बऱ्याच कुस्त्या हरला.

माझ्यामागे इर्शाद मुजावर.
इर्शादच्या मागे पांढरी रेघ, मग बाभळी.
तो दर डावाला ओरडतो, "मागं हाय मी!"
मला मान वळवता येत नाही,
त्या आवाजावर मी पाठ टेकवतो.

पुण्याच्या संघाचा अकरा नंबर
हरणाच्या जातीचा होता.
दुसऱ्याच डावात कंबर डावीकडे गेली,
मीही गेलो,
आणि तो उजवीकडे होता. एकटा.
चेंडू वरून आला, सावकाश,
मला सगळं नीट दिसावं एवढा सावकाश.
कंबरही फसवते, सर.

सरांनी हेल्मेटवर टप्पल मारली. "विसर."
पुढच्या डावाला पंचवीस सेकंद.
आमच्यात माणूस गेलं तर तेरा दिवस देतात.

जिथे फाटलं तिथेच ओढतात,
उद्यमनगरात लेथवर असतो मी, मला माहीत आहे हे,
तडा गेलेला कास्टिंग पुन्हा तिथेच जातो.
आला, पुन्हा अकरा नंबर.
या वेळी मी काही ओळखलं नाही, खोटं कशाला सांगू,
फक्त त्याचा श्वास बदलला
आणि माझे पाय माझ्याआधी वळले.
मधल्या बोटाचं टोक लागलं चेंडूला.
टोकच.
चेंडू जरा हलला, त्याच्या हातांना लागून
तांबड्या मातीत पडला, मेलेल्या पाखरासारखा.

त्यानंतर दोन तास
माझ्या बाजूला कोणी चेंडू टाकला नाही.
मी पळत होतो, मागे, पुढे, मागे,
आणि माझ्याकडे काहीही येत नव्हतं.
असली शांतता मी कधी ऐकली नव्हती.

घरी वडील जेवत होते.
"किती मारलंस?"
म्हटलं, मारायचं नसतं मला. होऊ द्यायचं नसतं.
"मग काय झालं?"
"काही नाही झालं."
त्यांनी ताटातली भाकरी मोडली, हळूच म्हणाले,
"जाऊ दे. पुढच्या वेळी."
आम्ही जिंकलो होतो. सांगितलं नाही.
बोट सुजलं होतं, त्यानंच रस्सा ओरपला.

आज सकाळी पुन्हा माळ, पुन्हा पाठ,
धुक्यात पुढचा माणूसही नाही,
मनातल्या मनात कोणाची तरी कंबर बघतोय.
मागून म्हशींच्या घंटा,
मग गवळ्याचा आवाज, जवळूनच:
"खड्डा हाय मागं. डावीकडनं घ्या."

मी वळून बघितलं नाही.
डावीकडून घेतलं.